समेवरची टाळी

लंडनजवळ पिनरला मराठी मंडळींच्या घरी जेवायला गेलो की आमटी वाढून होईपर्यंत कुणीतरी विचारतंच, "त्या कोंगा वाजवतात त्या तुमच्या कोण?" मी सांगतो, धाकटी बहीण. मग पुढचा प्रश्न ठरलेला. त्या हे शिकल्या कुठे? मी सांगतो, साउथहॅम्प्टनला, आमच्या स्वयंपाकघरात, माझ्या वाद्यावर. 'माझ्या' या शब्दावर मी किंचित जोर देतो. लोकांच्या तो लक्षात येत नाही. बायकोच्या येतो. ती भाजीचं भांडं माझ्यासमोर सरकवते आणि म्हणते, "अहो, घ्या अजून, गार होतेय."

मला माझ्या बहिणीचा हेवा वाटतो. हे मी आजवर कुणाला तोंडाने सांगितलेलं नाही, पण कागदावर लिहायला हरकत नाही. कौन्सिलमधल्या नोकरीत एक शिकलो, की जे आहे ते रिपोर्टच्या पहिल्या पानावर लिहावं.

आमचे वडील गुहागरकडचे, चौथी पास. जहाजावर भटारखान्यात होते, तिथून साउथहॅम्प्टनच्या बंदरात उतरले ते परत चढलेच नाहीत. पुढे हॉस्पिटलच्या किचनमध्ये लागले. आम्हाला बोलावून घेतलं तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो आणि बहीण पाच. आई त्याच हॉस्पिटलच्या लाँड्रीत जायची. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. घराण्यातच कशाला, आमच्या अख्ख्या वाडीत मी पहिला. सिव्हिल इंजिनिअरिंगची डिग्री घेतली, कौन्सिलच्या रस्ते खात्यात लागलो, ट्रॅफिक सिग्नल किती सेकंद हिरवा आणि किती सेकंद लाल ठेवायचा ते ठरवायचं काम. गाऊन आणि टोपी घातलेला माझा फोटो बाबांनी बैठकीतल्या गॅसच्या शेगडीवरच्या फळीवर मधोमध ठेवला. येणाऱ्या प्रत्येकाला ते तो दाखवायचे. मला त्याची लाज वाटली नाही, आजही वाटत नाही.

कोंगा माझ्याकडे आल्या त्या युनिव्हर्सिटीच्या शेवटच्या वर्षी. बंदरात एक मोठं क्रूझ जहाज दुरुस्तीला आलं होतं आणि त्यांच्या बँडचं जुनं सामान निघालं होतं. खबर बाबांनीच आणली. कोंगा म्हणजे कमरेइतके उंच, पिंपासारखे फुगीर लाकडी ढोल, हातांनी वाजवायचे. दोन होते, एक जरा बारीक आणि एक रुंद. बाबांनी चामड्यावर बोटं टाकून पाहिली आणि म्हणाले, "कुणीतरी मृदंग उभा केलाय रे."

बाबांना ताल येत होता. गावी गणपतीत जाखडीच्या नाचाला ते मृदंगावर असायचे. इथे मृदंग नव्हता, म्हणून लहानपणी मला त्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिकवलं. तिहाई त्या टेबलावर शिकलो. एकच तुकडा तीनदा वाजवायचा आणि तिसऱ्याचा शेवटचा ठोका बरोबर समेवर आणायचा. सम म्हणजे तालाचा पहिला ठोका. तिटकत गदिगन धा, तिटकत गदिगन धा, तिटकत गदिगन, आणि शेवटचा धा पडला की बाबा मान खाली टाकून "हां" म्हणायचे. त्या एका "हां"साठी मी टेबलाचा रंग घालवला होता.

युनिव्हर्सिटीत एक बँड होता. चिलीतून परागंदा होऊन आलेला एक माणूस पियानो वाजवायचा आणि तोच सगळ्यांना शिकवायचा; दिवसा तो शाळेत स्पॅनिशचा मास्तर. क्युबाकडचे ताल आणि त्यावर जॅझ, असं त्यांचं संगीत. दोन ट्रम्पेट, एक सॅक्सोफोन, बास वाजवणारा, आणि काड्या वाजवणारा एक पोस्टमन. कोंगा कुणाकडेच नव्हत्या. माझ्याकडे होत्या. मी गेलो आणि त्याच दिवशी बँडमध्ये बसलो. डिग्री झाल्यावर आणि नोकरी लागल्यावरही दर गुरुवारी संध्याकाळी जात राहिलो.

त्या काड्यांबद्दल सांगायला हवं. क्लावे म्हणतात त्यांना. बाबा त्यांना टिपऱ्या म्हणायचे. त्यांचा फेरा दोन तुकड्यांचा असतो. एका तुकड्यात तीन ठोके, दुसऱ्यात दोन. गाणं कितीही मोठं असो, तो फेरा पहिल्यापासून शेवटपर्यंत तसाच चालतो आणि बाकीच्यांनी त्याला धरून राहायचं. गंमत अशी की या संगीतात पहिला ठोका, म्हणजे आपली सम, बहुतेक वेळा कुणी वाजवतच नाही. बासवाला तिच्या जरासा आधी वाजवतो आणि ती जागा मोकळी सोडतो. मी ती भरायचो. हात आपोआप जायचा. पियानोवाला हसायचा आणि म्हणायचा, तू दर वेळी घरी पोचतोस, एवढी घाई कसली, पार्टी चालू आहे अजून. मी सगळं वहीत लिहून घेतलं होतं, चौकोन आखून, कुठल्या चौकोनात उजवा हात आणि कुठल्यात डावा. वही बरोबर होती. हात चुकायचे.

बहीण बँडमध्ये आली ती माझ्यामुळेच. गुरुवारी आई-बाबा दोघांचीही संध्याकाळची पाळी असायची आणि मुलगी एकटी घरी नको, म्हणून मी तिला बरोबर न्यायचो. सतरा वर्षांची होती. कोपऱ्यात ॲम्प्लिफायरवर बसून ए-लेव्हलची, म्हणजे इथल्या बारावीची, केमिस्ट्री करायची. तिचं मराठी इथल्या शाळेत गेलेल्या मुलांसारखं होतं, मी येतो, मी जातो, माझा वही. बाबांना त्याचं भारी कौतुक. "आमचा दुसरा मुलगा," म्हणायचे.

एकदा पोस्टमनला फ्लू झाला. पियानोवाल्याने काड्या तिच्या हातात दिल्या आणि दोनदा करून दाखवलं. तिने तासभर त्या वाजवल्या, एकदाही न डगमगता. घरी येताना गाडीत मी तिला विचारलं, तू मोजतेस कसं? माझी पद्धत मला तिला सांगायची होती, चौकोनांची.

"मोजत नाही," ती म्हणाली. "मी ऐकतो."

मी म्हटलं, ऐकते. ती म्हणाली, "तेच."

पोस्टमन बरा झाला तरी काड्या तिच्याकडेच राहिल्या. त्याला दुसरं वाद्य दिलं, त्याची तक्रार नव्हती. मला वाटलं, बरं झालं, बसल्या बसल्या पोरीला काही तरी काम मिळालं.

मग तो ऑगस्टमधला कार्यक्रम. गावातल्या मैदानावर जत्रेसारखं असायचं, दुपारची वेळ, आइस्क्रीमच्या गाड्या, आणि एका लॉरीच्या उघड्या मागच्या भागावर आमचा बँड. आई-बाबा खुर्च्या घेऊन पुढे बसले होते. त्या दिवशी पियानोवाल्याने मला पहिल्यांदा एकट्याने वाजवायला जागा दिली. छान चाललं होतं. लोक डोलत होते. शेवट करायची वेळ आली, आणि मी बाबांकडे पाहिलं, आणि माझ्या हातातून तिहाई निघाली. तिटकत गदिगन धा. तीनदा. शेवटचा धा मी दोन्ही हातांनी असा मारला की लॉरीचा पत्रा वाजला. बाबांची मान खाली गेली.

फक्त माझी सम चुकीच्या तुकड्यावर पडली होती. तीन ठोक्यांच्या तुकड्यावर पडायची ती दोनच्या तुकड्यावर. ट्रम्पेटवाल्यांना वाटलं, एवढा मोठा ठोका म्हणजे हीच सुरुवात, ते तिथून शिरले. पियानोवाला बरोबर जागी होता. बासवाला मध्येच थांबला. अर्धा बँड एकीकडे आणि अर्धा दुसरीकडे, लग्नातल्या वरातीत दोन बँड समोरासमोर यावेत तसं. त्या गोंधळात एकच गोष्ट हलली नाही, त्या काड्या. टक, टक, टक... टक टक. एकेक जण बहिणीकडे पाहत परत आला. सगळ्यात शेवटी मी आलो.

लोकांना काही कळलं नाही. टाळ्या पडल्या. बाबा म्हणाले, झकास. पण सामान भरताना पियानोवाला मला बाजूला घेऊन गेला. म्हणाला, पुढच्या गुरुवारी जरा बदलून बघू, तू काड्या घे आणि कोंगांवर तिला बसव. मी म्हटलं, कोंगा माझ्या आहेत. त्याने खांदे उडवले आणि म्हणाला, हो, ते मात्र खरं आहे. विषय तिथेच संपला. वळून पाहिलं तर बहीण माझ्या गाडीत बसली होती आणि काच खाली होती.

त्या दिवसापासून एक गोष्ट घरात आम्हा दोघांनाच माहीत होती. बँडमधली माझी जागा माझ्या हातांमुळे नव्हती. ती त्या दोन पिंपांमुळे होती.

दोन महिन्यांनी एकदा आई मला म्हणाली, "काल दुपारी लवकर आलास का रे घरी? मी उठले तेव्हा वाजत होतं. छान वाजत होतं." काल दुपारी मी एका चौकातला सिग्नल बसवत होतो. त्या आठवड्यात आईची रात्रपाळी होती, ती दुपारी झोपायची, आणि बहीण दुपारीच कॉलेजातून यायची. माझ्या वाजवण्याला आई कधी छान म्हणाली नव्हती. बंद कर आता, म्हणायची. मी आईला सांगितलं, हो, मीच होतो.

भाऊबीज आम्ही जवळच्या रविवारी करायचो. त्या वर्षी हॉस्पिटलमधले एक मराठी डॉक्टर आणि त्यांची बायको फराळाला आले होते. डॉक्टर मंडळी किचनमधल्या माणसाच्या घरी सहसा येत नसत. ते आले ते माझ्या डिग्रीमुळे, असं मी धरून चालत होतो. बाबांचा त्यांना फोटो दाखवून झाला होता. मी पाटावर बसलो, टोपी घातली, बहिणीने ओवाळलं. मी खिशातून घड्याळाची डबी काढली. लेडीज घड्याळ, बारीक पट्ट्याचं.

ती तबक धरून उभीच राहिली. म्हणाली, "मला घड्याळ नको, दादा. कोंगा दे."

आई म्हणाली, अगं, भावाचं वाद्य मागतात का?

"ओवाळणी आहे ना? मग मी मागू शकतो."

डॉक्टरीणबाई हसल्या. "मागू शकते, म्हण. पण मुद्दा बरोबर आहे हो तिचा. तबक रिकामं कसं पाठवायचं?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. बाबांच्या चेहऱ्यावर तर गंमतच होती, त्यांना वाटत होतं पोरगी खेळणं मागतेय. काय मागितलं जातंय ते त्या खोलीत दोघांनाच कळत होतं. तिचे डोळे माझ्यावरून हलले नाहीत. निरांजनाच्या पलीकडून ती माझ्याकडे अशी पाहत होती, जसं वाजवणारे एकमेकांकडे पाहतात, आता तू. मी नाही म्हणालो असतो तर कारण सांगावं लागलं असतं. आणि मी त्या घरातला पदवीधर, मोठा भाऊ, डॉक्टरांसमोर बसलेला.

"घे," मी म्हणालो.

"दोन्ही?"

"दोन्ही."

डॉक्टर म्हणाले, वा, भाऊ असावा तर असा. मी लागोपाठ चार अनारसे खाल्ले. एकाचीही चव आठवत नाही.

पुढच्या गुरुवारी ती कोंगांवर बसली आणि पियानोवाल्याने काड्या माझ्यापुढे धरल्या. मी त्याला सांगितलं, मी इंजिनिअर आहे, दोन काटक्या आपटायला मी इतक्या लांब येणार नाही. पोस्टमनचा चेहरा पडला, ते बोलायला नको होतं. मी तिला बँडच्या दारात सोडून गाडी घेऊन घरी आलो. त्यानंतर ती बसने जायला लागली. कोंगा बँडच्याच खोलीत राहायच्या.

ए-लेव्हलचे मार्क चांगले आले. फार्मसीला जागा मिळाली. आणि ती म्हणाली, मी जाणार नाही, मी लंडनला जातो, वाजवतो. मला वाटलं, आता बाबा घर डोक्यावर घेतील. मी त्याची वाटच पाहत होतो, खरं सांगायचं तर. बाबांनी शेगडीवरच्या फोटोकडे पाहिलं आणि म्हणाले, "एकाने डिग्री घेतली. घराला पुरे आहे."

म्हणजे रात्र रात्र जागून मी जी डिग्री घेतली, तिच्यावर ती सुटली.

पहिली काही वर्षं ती क्रॉयडनला कुणाकुणाबरोबर घर वाटून राहायची, सकाळी शाळांमधून मुलांना ताल शिकवायची, संध्याकाळी मिळेल तिथे वाजवायची. आई फोनवर विचारायची, जेवलीस का? मी विचारायचो, वाजवून पेन्शन मिळते का? ती हसायची. एकदा हिवाळ्यात तिच्या उजव्या हाताची बोटं फुटली होती, टेप लावून वाजवत होती. आईने मला ऑफिसात फोन करून सांगितलं आणि ती रडली. मी आईला समजावलं. फोन ठेवल्यावर मला जे वाटलं ते समाधानाच्या फार जवळचं होतं, आणि तेही मी इथे लिहून टाकतो.

मग तिचं नाव व्हायला लागलं. एका मोठ्या बँडबरोबर ती युरोपात फिरली. क्युबाला जाऊन सहा महिने शिकून आली. रेडिओवर तिची मुलाखत झाली, त्यात तिला विचारलं, ताल कुणाकडून आला, तर म्हणाली, माझ्या वडिलांकडून, किचन टेबलवर. त्या टेबलावर ती कधी बसलीही नव्हती. बसलो होतो मी. ती खाली जमिनीवर खेळत असायची आणि आम्हाला ऐकत असायची, एवढंच.

माझं लग्न झालं, बदलून लंडनच्या बाजूच्या कौन्सिलमध्ये आलो, पिनरला घर घेतलं. बायको ठाण्याची, एम.कॉम. तिच्या व्हिसाच्या कामाला आम्ही क्रॉयडनला गेलो होतो. रांगेत उभे असताना समोरच्या भिंतीवर बहिणीच्या कार्यक्रमाचं पोस्टर. बहीण तेव्हा दौऱ्यावर असल्याने आमच्या लग्नाला नव्हती, बायकोने तिला तोवर फक्त घरच्या फोटोत पाहिलं होतं. "अहो, या आपल्याच ना?" म्हणून तिने रांगेतल्या पुढच्या-मागच्या चार लोकांना ते पोस्टर दाखवलं. माझी नणंद, माझी नणंद. मी फॉर्म नीट भरला आहे का ते तपासत बसलो.

रेकॉर्डच्या दुकानात गेलो की ती वाजवायची त्या मोठ्या बँडचा खण मी शोधायचो. त्यातली रेकॉर्ड इतरांच्या मागे सरकवून ठेवायचो. चाळिशीकडे झुकलेला माणूस, कौन्सिलचा बिल्ला खिशाला लावलेला. मराठी मंडळात कुणी तिची स्तुती केली की म्हणायचो, हो, पण शिक्षण अर्धवट राहिलं बिचारीचं. एकदा गुपचूप बाँगोची, म्हणजे गुडघ्यांत धरायच्या छोट्या ढोलांची, जोडी आणली आणि गॅरेजमध्ये बसून वाजवायला लागलो. तिसऱ्या दिवशी बायकोने विचारलं, "गॅरेजचं दार नीट लागत नाहीये का? वाऱ्याने आपटतंय सारखं." बाँगो मी कौन्सिलच्या खेळघराला देऊन टाकले.

आणि दर वेळी साउथहॅम्प्टनला गेलो की तो फोटो. तो अजून फळीवर मधोमध होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण बाबा तिच्या कार्यक्रमांची पत्रकं त्याच्याच चौकटीत खोचायचे, दुसरी जागा सापडत नसल्यासारखी. आधी गाऊन झाकला गेला. मग हातातली गुंडाळी. एका दिवाळीला पाहिलं तर टोपीचा गोंडा आणि माझा एक डोळा दिसत होता.

तिच्या स्वतःच्या बँडची पहिली सीडी निघायची होती ती लोकांसमोर वाजवून, लंडनच्या एका हॉलमध्ये, रविवारी दुपारी आणि सोमवारी संध्याकाळी. दोन्ही वेळा टेप करायचं आणि जे चांगलं येईल ते घ्यायचं. रविवारी आम्ही सगळे गेलो. आई-बाबा लांब पल्ल्याच्या बसने आले. तिसऱ्या रांगेत आई, बायको, मी आणि बाबा. स्टेजवर मधोमध तिच्या चार कोंगा, नव्या, चकचकीत. आणि बाजूला, जरा मागे, त्या दोन जुन्या. रुंद कोंगाच्या पोटावर मी कधीतरी सायकलचं हँडल आपटून पाडलेला खड्डा होता. इतक्या लांबून तो मलाच दिसला असेल.

शेवटच्या गाण्यात बाकीचे थांबले आणि ती एकटी वाजवायला लागली. ती कशी वाजवत होती ते मी सांगू शकणार नाही, आणि सांगावं असं वाटतही नाही. उठून ती जुन्या कोंगांकडे गेली. थोडा वेळ त्यांच्यावर वाजवलं. आणि मग मला ऐकू आलं.

तिटकत गदिगन धा.

माझ्या टेबलावरची तिहाई. मैदानावर ज्या तिहाईने मी बँड पाडला होता ती. तिटकत गदिगन धा, दुसऱ्यांदा. बरोबर तुकड्यावर चालली होती, मी मोजत होतो, चौकोन माझ्या डोळ्यांसमोर होते, या वेळी सम जिथे पडायला हवी तिथेच पडणार होती. तिटकत गदिगन, आणि तिने दोन्ही हात उचलले आणि ते वरच ठेवले. शेवटचा धा वाजवलाच नाही. समेची जागा तिने मोकळी सोडली.

आणि त्या जागेत मी टाळी वाजवली.

ठरवून नाही. हात गेले. एकच टाळी, खणखणीत, चुनाभट्टीत दगड फुटावा तशी. पुढच्या रांगेतल्या बाईने दचकून मागे पाहिलं. बहिणीने मान वर केली, अंधारात शोधलं, आणि हसली, आणि त्या हसण्यात तिचा हात किंचित उशिरा खाली आला. ट्रम्पेटवाले सावरून घेत शिरले.

मी बाबांकडे पाहिलं. त्यांचा उजवा हात मांडीवर होता, तळवा वर करून उघडा ठेवलेला. तालात जिथे ठोका नसतो, खाली असते, तिथे हात असा उघडा दाखवतात. ते पंच्याहत्तरीच्या घरात होते, जाखडीपलीकडे काही वाजवलेलं नाही, आणि त्यांना ती मोकळी जागा येताना दिसली होती. मी ती भरली.

बारा-पंधरा दिवसांनी भाऊबीज आली. बहीण पिनरला आली, दुपारी जेवायला. बायकोने रांगोळी काढली होती. तिने मला ओवाळलं. मी साडीची पिशवी पुढे केली, तर तिने ती बाजूला ठेवली.

"या वर्षी तू माग, दादा."

मी म्हटलं, असं नसतं. ती म्हणाली, एकदा असू दे. आणि पर्समधून दोन कॅसेट काढून टेबलावर ठेवल्या. एक रविवारची, एक सोमवारची. आम्ही तिघांनी जेवायच्या आधी दोन्ही ऐकल्या, पूर्ण गाणं. सोमवारच्या टेपवर तिने ती तिहाई पुन्हा वाजवली होती आणि पुन्हा शेवटचा ठोका सोडला होता. त्या जागेत काहीही नव्हतं. इतकं काहीही नव्हतं की माझ्या बायकोने, जिला ताल म्हणजे आरतीच्या टाळ्या एवढंच माहीत, तिनेही मान उचलली. मग बहिणीचा हात आला, जिथे यायला हवा तिथे, आणि ट्रम्पेट असे उघडले की आमच्या कपाटातल्या काचा वाजल्या.

"कंपनीचे लोक म्हणतात सोमवारचं घे," ती म्हणाली. "रविवारच्या टेपवर तुझा सम आला आहे."

"तुझी सम," मी म्हटलं. "सम स्त्रीलिंगी."

"तुझी सम. टाळी पुसता येत नाही, सगळ्या माइकमध्ये गेलीय. त्यांना मी सांगितलं, दादाला विचारतो. तू सांग, कुठलं ठेवू?"

बायको माझ्याकडे पाहत होती. मी कॅसेटकडे पाहत होतो. कुठलं चांगलं आहे हे मला कळत होतं. तेवढं मला कळतं. बाबांनी मला चांगलं शिकवलंय. आणि तिलाही माहीत होतं की मला कळतंय. तरी ती विचारत होती, आणि खोटं विचारत नव्हती. मी जे म्हणेन ते ती देणार होती, पंधरा वर्षांपूर्वी मी दिलं तसं. माझ्यासारखं मनात काही न ठेवता, हा तेवढा फरक.

"रविवारचं," मी म्हणालो.

"Sure?"

"हो. रविवारचं ठेव."

"ओके," ती म्हणाली, आणि करंजी उचलली. बायको पानं घ्यायला आत गेली. त्या दिवशी तिने मला "घ्या अजून" म्हटलं नाही.

सीडी निघाली. मागे सगळ्यांची नावं आहेत, वाजवणाऱ्यांची, टेप करणाऱ्यांची, कॉफी देणाऱ्या माणसाचंसुद्धा. माझं नाही, मी नको म्हणून सांगितलं होतं. घरी पाहुणे आले की मी शेवटचं गाणं लावतो. ती जागा आली की बोलणं थांबवतो. टाळी वाजते. कुणी विचारतं, हे कोण मध्येच? मी सांगतो, मी. लोकांना ते फार आवडतं. बहीण-भावाचं किती छान, म्हणतात. बाबाही दिवाळीला येतात तेव्हा ऐकतात. त्या जागेला त्यांचा हात अजूनही उघडाच असतो. माझी टाळी त्यांच्या तळहातावर पडल्यासारखी पडते आणि ते माझ्याकडे पाहत नाहीत.

सोमवारची कॅसेट बहीण परत न्यायला विसरली, की मुद्दाम ठेवून गेली, मला माहीत नाही. ती माझ्या टेबलाच्या खणात आहे, डिग्रीच्या कागदाखाली. तिच्यात ती जास्त चांगली वाजवते. ती मी कुणालाही ऐकवलेली नाही.